कोपरभर जागा

आमचे घरमालक माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडं बघायच्या आधी त्याचं कोपर बघत. नमस्कार करणाऱ्याचं, चहा पिणाऱ्याचं, रिक्षात शेजारी बसलेल्याचं. बघून झालं की स्वतःशीच मान हलवत आणि मग विचारत, "जेवताना शेजाऱ्याला लागतं का न्हाय?"

भिवंडीच्या कडेला टेमघरला त्यांच्या बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा मलाही पहिला प्रश्न हाच आला. लग्न झालंय का, गाव कुठलं, मटण शिजवणार का, यातलं काही नाही. मी गोंधळून म्हणालो, "काय लागतं?"

"कोपर. लोक बोलतात, माणूस तोंडानं भांडतो. खोटं हाय. आधी कोपर लागतं, तोंड मागनं येतं."

मी सांगलीकडचा आहे हे कळल्यापासून ते मला 'सांगली' म्हणू लागले. नाव विचारलं असेल, पण वापरलं कधी नाही. सगळ्यांना ते गावाच्या नावानंच हाक मारत. सुताराला गोरखपूर, दूधवाल्याला पडघा. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांची शेती जवळच पूर्ण्याला, त्यांच्या मूळ गावी होती. आता तिथं गोदामं उभी आहेत आणि त्यातल्याच एका गोदामाच्या ऑफिसात मी डिस्पॅच बघायचो. "तुजी खुर्ची हाय ना," ते सांगत, "तिथं आमची वालाची वाडी होती." हे ते दुःखानंही सांगत नसत आणि मोठेपणानंही नाही. वाल कुठं होता, एवढंच मला कळावं म्हणून सांगत.

या माणसाला घरात पोकर खेळायचं टेबल करून घ्यायचं होतं.

हे वाक्य कुणाला सांगताना मी आजही जरा अडखळतो. साठी ओलांडलेले, लुंगी नेसून ओट्यावर बसणारे, एकादशी पाळणारे गृहस्थ. कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. त्यांच्या वडिलांनी घरात पैशाचा डाव मांडायचा नाही अशी शपथ घातली होती, म्हणून दिवाळीत ते लोक तीन पत्ती खेळत तीसुद्धा चिंचोक्यांवर. मग मधल्या भावाच्या मुलानं, कल्याणला कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्यानं, त्यांना मोबाईलवर पोकर दाखवलं. नियम त्यांना अर्धेच कळले. पण एक गोष्ट बघून ते उठून बसले. या खेळात पत्ते हातात धरायचे नसतात. दोनच पत्ते, तेही टेबलावर पालथे. वर तळवा धरायचा, अंगठ्यानं टोक उचलायचं, बघायचं आणि सोडून द्यायचं.

"म्हंजे शेजाऱ्याला दिसायचं कामच न्हाय," ते मला पुन्हा पुन्हा सांगत. "तीन पत्ती हातात धरावी लागते, सांगली. हात जरा वाकला की दिसली. यात कुनी कुनाचं बघू शकत न्हाय. बघितलं असं कुनी बोलू पन शकत न्हाय."

शेवटचं वाक्य ते थोडं हळू म्हणत. ते का, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

टेबल ठरलं तसा आकाराचा घोळ सुरू झाला आणि त्या घोळात मी सापडलो, कारण रविवारी सकाळी घरी असणारा वरच्या मजल्यावरचा माणूस मीच. ते गच्चीत खडूनं टेबल काढत. खरोखरच्या मापाचं. भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत आणि खाली जाऊन जो दिसेल त्याला वर बोलावत. मग आम्ही पाच-सहा जण नसलेल्या टेबलाभोवती हवेत हात धरून बसायचो आणि ते दोरी घेऊन मागून फिरायचे. "भिवंडी, तुजं कोपर आत घे. सांगली, तू मोकला बस, तू घरचा हायस." पलीकडच्या इमारतीतल्या बायका कपडे वाळत घालता घालता थांबत. एकदा कुणीतरी तिथून विचारलं, "काय, जेवणाची पंगत का?" आणि सगळी गच्ची हसली. मी खाली मान घालून खडूची रेघ बघत राहिलो. मला त्या रविवारांची इतकी लाज वाटायची की शनिवारी संध्याकाळीच मी बाहेर जायचं काहीतरी निमित्त शोधायला लागायचो. पण भाडं त्यांनी कधी वाढवलं नाही, आणि काकू ताटात वाढून वर पाठवायच्या. नाही म्हणणं जमलं नाही.

लांबट चौकोनी टेबल त्यांनी पहिल्याच आठवड्यात पुसून टाकलं. "याला डोकं हाय. डोक्याकडं कोन बसनार? मोठा. मोठा मी. मना तिथं बसायचं न्हाय."

मग लंबगोल झालं. पुतण्या म्हणाला होता की क्लबात असंच असतं. आम्ही बसून बघितलं. दोघं समोरासमोर बसले तर ठीक, पण एकाच लांब बाजूला तिघं बसले की कडेचे दोघं एकमेकांना दिसतच नाहीत, मधला आड येतो. काका बराच वेळ तिथं उभे राहिले. "तोंड दिसत न्हाय," म्हणाले. "ज्याचं तोंड दिसत न्हाय त्याच्याबद्दल माणूस मनात काय पन धरतो." चपलेनं पुसून टाकलं.

अष्टकोनी टेबल मात्र त्यांना आवडलं होतं. प्रत्येकाला स्वतःची सरळ बाजू, प्रत्येकाचं कोपर स्वतःच्या कडेवर. दोन आठवडे ते त्याच आनंदात होते. पुढच्या रविवारी मी वर गेलो तर गच्ची धुतलेली. म्हणाले, "रातभर विचार केला. प्रत्येकाला हद्द दिली की झालं काम. शेताच्या बांधावरनं आमच्यात काय कमी झालं काय?"

राहिलं गोल. गोलाचा त्रास वेगळा. आठ जणांना पुरेल एवढं गोल केलं तर मधले पत्ते उचलायला पोटावर झोपावं लागतं, आणि ते हॉलमध्येही मावत नाही, खुर्ची मागं सरकवायला जागा उरत नाही. लहान केलं की कोपराला कोपर. या मापाच्या पायी त्यांची झोप उडाली. दिसेल त्या टेबलाला ते दोरी लावू लागले. कामतघरला त्यांच्या ओळखीच्या एकाच्या लूममध्ये कापड तपासायचं मोठं टेबल होतं, तिथं जाऊन त्यांनी खडखडाटात ओरडून ओरडून कामगारांना विचारलं की वाकल्यावर कंबर दुखते का. पूर्ण्याला एका हळदीच्या कार्यक्रमात पंगतीला बसलेल्या नवऱ्या मुलाच्या मामाचं माप घेतलं. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मामा घास तोंडात धरून माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटत होतं, जेवणावळीच्या मांडवातून कुठंतरी निघून जावं.

एके दिवशी ते आमच्या ऑफिसात आले. मालाचे मालक आलेले, आतल्या खोलीत मीटिंग. दार ढकलून काका आत. नमस्कार केला, "चालू द्या, चालू द्या" म्हणाले आणि लुंगी सावरून टेबलाखाली शिरले. आतून आवाज आला, "सांगली, याला पाय चार कोपऱ्यात हायेत. चूक हाय. गुडघा आपटतो. एकच जाड पाय मधे पायजे." पाहुण्यांनी आपापले पाय उचलून घेतले. माझे साहेब माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "माझे घरमालक आहेत." साहेब नंतर कितीतरी दिवस मला चहाच्या वेळी "गुडघा सांभाळा" म्हणायचे.

पण खरी लाज काकूंना सोसावी लागत होती. गल्लीत बातमी वेगळीच पसरली होती. जमिनीचा पैसा आलाय, म्हातारा घरात जुगाराचा अड्डा काढतोय. बचत गटाच्या बायकांनी काकूंना विचारलं, "खरं काय हो?" काकू त्या दिवसापासून बैठकीला जायच्या थांबल्या. एका दुपारी हवालदारही येऊन गेला. गच्चीत जाऊन खडूचं वर्तुळ बघितलं, चहा घेतला, स्वतःच्या कोपराचं माप देऊन गेला. तो गेल्यावर काकू जिन्यात माझ्यासमोर पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

"तुमी तरी समजवा त्यांना," त्या म्हणाल्या. "टेबलानं काय होनार हाय? टेबलानं धाकला येनार हाय काय?"

धाकला म्हणजे काकांचा सगळ्यात लहान भाऊ. पूर्ण्याला राहायचा, त्यांच्या घरापासून रिक्षानं फार लांब नाही. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, कारण तो येत नसे. त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या काकूंनी मला सांगितलं.

काही वर्षांपूर्वीची दिवाळी. वडील त्याच वर्षी गेलेले. गोदामवाल्यांशी जमिनीची बोलणी चाललेली आणि घरातले सगळेच एकमेकांकडं थोडं तिरकं बघू लागलेले. तशात जुन्या घरी सगळे जमले, चटईवर डाव बसला, चिंचोक्यांवर. गर्दी एवढी की मांडीला मांडी. धाकला जिंकत होता. पुन्हा, पुन्हा. काका शेजारीच बसलेले. एकदम त्यांनी पत्ते टाकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझे पत्ते बघून खेळतोय तू. न्हायतर तुझ्याकडं लपवलेले पत्ते हायेत. सदरा झटक."

कुणालातरी हसू आलं, थट्टाच वाटली. काकांनी पुन्हा सांगितलं, "झटक."

धाकल्यानं उठून सदरा काढला. झटकला. काही पडलं नाही. सदरा तिथंच चटईवर टाकला आणि उघड्या अंगानं घराबाहेर पडला. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, सगळं गाव दारात दिवे लावत होतं. त्याची बायको लग्न होऊन नवीनच आलेली. तिनं सदरा उचलला, छातीशी धरला आणि त्याच्या मागनं चालत गेली. लोक तिलाच विचारत होते, काय झालं, काय झालं.

"चिंचोक्यांपायी," काकू म्हणाल्या. "जमिनीपायी भांडले असते तर लोकांना सांगायला तोंड तरी असतं."

मग मला ते गच्चीतले रविवार दुसऱ्या उजेडात दिसू लागले. काका मापं घेत नव्हते. चटई लहान होती, हे ते सिद्ध करत होते. जागा कमी होती, हात वाकला, कुणाचंही लक्ष गेलं असतं. कोपराला पुरेशी जागा असती तर हे झालंच नसतं. त्यात त्यांचा स्वतःचा काही दोष उरतच नव्हता. पण ते त्यांना पटतही नसणार, नाहीतर एवढी झोप उडाली नसती.

टेबल शेवटी झालं. गोल, आठाऐवजी सहा जणांचं, एकाच जाड पायाचं. गोरखपूरनं सागवान वापरलं. वर हिरव्या बनातीचं जाड कापड ताणून बसवलं आणि कडेला हात टेकायला रेक्झिनची मऊ पट्टी केली. हॉलमधला सोफा ओसरीवर गेला. काका दिवसातून चार वेळा खुर्ची ओढून बसून बघायचे आणि कोपरं पसरायचे. मोकळं होतं खरं. देखणंही होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांनी पुतण्याकरवी सगळ्यांना निरोप पाठवला. मधल्याचा होकार आला. धाकल्याकडून उत्तर आलं नाही. त्याऐवजी दुपारी तो स्वतःच आला.

मी हॉलमध्येच होतो, पुतण्याकडून पत्त्यांची नवी नावं शिकत. काका आतल्या खोलीत पडले होते. दारात एक शिडशिडीत माणूस येऊन उभा राहिला. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्याला बघून जागच्या जागी थांबल्या. त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. मग टेबलाकडं बघितलं, भोवती एक फेरी मारली, बनातीवरून हात फिरवला.

"चांगलं झालंय," तो म्हणाला.

काका तोवर बाहेर आले होते. ते लगेच बोलायला लागले, भराभर, कुणी अडवील या भीतीनं. गोल का घेतलं, अष्टकोनी का नको, पाय मधे का. "बस ना. बसून बघ. बाजूच्याला लागत न्हाय. आपन बसलो होतो ती चटई कवरी लान होती, तुला आठवतं ना? मांडीला मांडी. त्यात माणसाला काय दिसतं, काय न्हाय दिसत…"

धाकला बसला नाही. "चटई तीच होती दादा," तो म्हणाला. "बाबा असताना पन तीच होती. आपन किती वर्सं तिच्यावर खेळलो."

काकांचा हात बनातीवर होता तो तिथंच राहिला.

"तू बोल्लास ते जागा न्हवती म्हनून न्हाय बोल्लास."

मी आणि पुतण्या दोघंही उठून जावं की बसून राहावं अशा अवस्थेत. मला काकांकडं बघवेना. एवढा मोठा माणूस, ज्याच्या नावानं नाक्यावर लोक खुर्ची रिकामी करत, तो शाळेत उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता. शेवटी अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "तुला पत्तेच चांगले आलते."

"हां," धाकला म्हणाला. "आलते."

"माज्या मनात दुसरंच होतं. जमिनीचं. तुझ्यावर काढलं."

धाकल्यानं मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण तो दाराकडं वळला आणि म्हणाला, "हे मना कवापासून ठाव हाय. मना नको सांगू. चार जनांत बोल्लास, चार जनांत सांग." आणि गेला. चहा टाकलेला तसाच राहिला.

पुढचे काही दिवस काकांनी कुणाचंही कोपर बघितलं नाही. माझ्याशीही फारसे बोलले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी ते वर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सांगली, आज गावाला नको जाऊ. भायेरचा एक माणूस पायजे." मी तिकीट रद्द केलं.

संध्याकाळी पूजा झाल्यावर सगळे जमले. मधला भाऊ, त्याची बायको, पुतण्या. धाकला आला आणि त्याच्या मागून त्याची बायको आली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि काकूंच्या हातातलं पीठ घेऊन मळायला बसली. टेबलावर चिंचोक्यांचे ढीग मांडलेले. सगळे खुर्च्या धरून उभे होते, बसत कुणी नव्हतं.

काका टेबलाच्या पलीकडं उभे राहिले. त्यांना सुरुवात सापडत नव्हती. एकदा त्यांनी पट्टीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. बाहेर गल्लीत फटाके चालू होते. मग ते बोलले, इतक्या हळू की मला जवळ असून अर्धंच ऐकू आलं. त्या दिवाळीला मी धाकल्याला चोर बोललो. त्यानं काय केलं न्हवतं. मी खोटं बोललो.

धाकला खाली बघत होता. मधल्यानं सुस्कारा सोडला आणि खुर्ची ओढली. तेवढ्यात आतून, पीठ मळायचा आवाज न थांबवता, धाकल्याची बायको म्हणाली, "इकरं ऐकू न्हाय आलं."

काकांचा चेहरा आधी तांबडा आणि मग अगदी उतरल्यासारखा झाला. मला वाटलं, आता हे आतल्या खोलीत निघून जातील. त्यांच्या जागी मी असतो तर गेलो असतो.

ते टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथं उभं राहून पुन्हा सगळं बोलले. या वेळी मोठ्यानं. एकही शब्द न गाळता, धाकल्याचं नाव घेऊन, स्वतःला 'मी' म्हणून. त्यात 'सदरा' हा शब्दही आला. समोरच्या घरातलं कुणीतरी फुलबाजी हातात धरून आमच्या दाराकडं बघत होतं, आणि काकांनी ते बघूनही आवाज कमी केला नाही.

आत पिठाचा आवाज थांबला होता. तिनं हात धुतले, पुसले, पदर सारखा केला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं.

"आता आलं," ती म्हणाली. "जावा, खेला तुमी. पुऱ्या गरम गरम पाठवते."